युरोव्हिजनमध्ये स्वभाषेची सक्ती पुन्हा आणावी का?

गोदाकाठ
युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेचा उल्लेख येथे अधूनमधून होतो, परंतु तिच्या भाषेच्या प्रश्नावर स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून काढतो आहे. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनिशी ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा भाषेविषयी लेखी नियम नव्हता, कारण प्रत्येक देश आपल्याच भाषेत गाणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. १९६५ मध्ये स्वीडनने इंग्रजी गाणे पाठवले आणि कुरबूर सुरू झाली. १९६६ पासून आपल्या देशाच्या भाषेत गाण्याची सक्ती आली. ती १९७३ मध्ये उठली, १९७७ मध्ये परत आली आणि १९९९ मध्ये पुन्हा गेली.

त्यानंतर काय झाले, ते निकालांतच दिसते. १९९९ ते २००३ या पाचही वर्षी इंग्रजी गाणे जिंकले. १९९९ ची स्वीडिश विजेती तर आपल्या देशातील निवडफेरीत तेच गाणे स्वीडिशमध्ये गायली होती. जेरुसलेमच्या मंचावर मात्र तिने ते इंग्रजीत गायले. २००७ साली सर्बियाच्या मारिया शेरिफोविचने सर्बियन गाण्यावर स्पर्धा जिंकली, पण पुढे २००८ ते २०१५ सलग इंग्रजीच. तीन डझन देश आपापले ध्वज घेऊन येतात आणि त्यांतील बहुतेकजण एकाच बेताच्या इंग्रजीत विरहाचे दुःख सांगतात, यात मला कसलीही मौज वाटत नाही. माझ्या मते नियम परत यावा. आपले मत काय?

रिकामटेकडा
म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाचे स्नेहसंमेलन व्हावे, अशी आपली इच्छा दिसते.

मालकंस
गोदाकाठ, तुम्ही नियम उठल्यानंतरचे निकाल दिलेत; तो लागू असतानाचेही पाहू. आयर्लंडने १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे स्पर्धा जिंकली, १९९६ मध्ये पुन्हा जिंकली आणि १९९७ मध्ये ब्रिटन जिंकले. सक्तीच्या काळात इंग्रजीत गाण्याची मुभा ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा यांनाच होती, आणि परीक्षकांपैकी पुष्कळांना आपल्या भाषेव्यतिरिक्त थोडीफार कळणारी भाषा इंग्रजीच होती. आयर्लंडची चाल आणि गायनही चांगले होते, हे मी नाकारत नाही. पण ज्या शर्यतीत तिघांनाच बूट घालण्याची परवानगी आहे, तिला समान संधी म्हणता येणार नाही.

शिवाय या नियमाने भाषा तरी कोठे जपली? आयर्लंडची पहिली राजभाषा आयरिश आहे. मुख्य स्पर्धेत ती ऐकू आली ती एकदाच, १९७२ साली एडिनबरा येथे. माल्टाने १९७१ आणि १९७२ मध्ये माल्टीज भाषेत गाऊन पाहिले, दोन्ही वेळा शेवटचा क्रमांक आला, आणि पुढे १९७५ मध्ये व नंतर १९९१ मध्ये तो देश परतला तो इंग्रजी गाणे घेऊनच.

गोदाकाठ
मालकंस, आयर्लंडचा मुद्दा रास्त आहे, परंतु सक्तीच्या शेवटच्या वर्षी, १९९८ मध्ये, बर्मिंगहॅमला इंग्रजी नव्हे तर इस्राएलचे हिब्रू गाणे जिंकले, आणि १९९० मध्ये इटालियन. नियम असताना इंग्रजीखेरीज गाणी जिंकतच नव्हती असे नाही.

हेलसिंकीकर
मी बरीच वर्षे फिनलंडमध्ये राहतो, त्यामुळे येथील बाजू सांगतो. फिनलंड १९६१ पासून स्पर्धेत आहे आणि २००६ पर्यंतची त्याची सर्वोत्तम कामगिरी होती सहावा क्रमांक, तोही १९७३ मध्ये, म्हणजे सक्ती उठताच इंग्रजीत गायल्यावर. फिनिश भाषेमुळेच आपण मागे पडतो, अशी येथील जुन्या पिढीची पक्की समजूत होती आणि ‘शून्य गुण’ हा घरगुती विनोदाचा विषय होता. २००६ साली राक्षसांचे मुखवटे घालणारे लोर्डी जिंकले, तेही इंग्रजीतच.

मग २०२३ मध्ये लिव्हरपूलला कॅरिया गेला. लाकडी खोक्यातून बाहेर पडणारा, उघड्या अंगावर फुगीर बाह्यांचे झगझगीत पोपटी जाकीट चढवलेला हा माणूस अर्धे गाणे फिनिश रॅपमध्ये ओरडत होता आणि उरलेले अर्धे नाचत होता. त्याला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले. त्या वर्षी दुसऱ्या कोणालाही इतके मिळाले नाहीत. परीक्षकांनी १५० दिले. स्वीडनच्या लॉरीनला परीक्षकांचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३ मिळाले आणि एकूण ५८३ विरुद्ध ५२६ अशी ती जिंकली. त्या मे महिन्यात आमच्या गल्लीतील मुले पोपटी कागदाच्या बाह्या करून फिरत होती, आणि आमच्याकडे आलेल्या पुण्याच्या आत्यांनाही त्या गाण्याचे ध्रुपद पाठ झाले होते. फिनिश न समजणाऱ्या लोकांनी फिनिश गाण्याला भरभरून मते दिली, आणि त्यासाठी कोणताही नियम लागला नाही.

शंकासुर
मग अडचण भाषेची नाही, परीक्षकांची आहे, असे म्हणायचे का?

सप्तक
शंकासुर, तसेही म्हणता येत नाही. २०१७ साली कीव्ह येथे पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालला परीक्षकांनी ३८२ आणि प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले. एकूण ७५८. दोन्ही बाजूंनी तोच पहिला होता. १९६४ पासून येणाऱ्या पोर्तुगालचा हा पहिला विजय आणि गाणे संपूर्ण पोर्तुगीज, त्याच्या बहिणीने, लुईझाने, लिहिलेले. मुख्य मंच आणि त्यावरील रोषणाई सोडून तो प्रेक्षकांमधल्या लहानशा गोल चौथऱ्यावर एकटाच उभा राहिला. ढगळ कोट, बोटांची चाळवाचाळव, आणि शब्द जवळजवळ पुटपुटल्यासारखे. इतरांच्या मागे आगीचे लोळ उठत असताना त्याने सभागृह गप्प केले.

थोडे गाण्याच्या अंगाने बोलतो. चाल ही ज्या भाषेत सुचते, त्या भाषेच्या आघातांवर ती बसलेली असते. फिनिशमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर येतो, फ्रेंचमध्ये तो पदसमूहाच्या शेवटाकडे सरकतो, इटालियनमध्ये शब्द बहुधा स्वरान्त असल्यामुळे तान लांबवायला जागा मिळते. अशा चालीवर इंग्रजी शब्द मागाहून बसवले, की गायकाला एक तर अक्षर ओढावे लागते किंवा गिळावे लागते, आणि स्पर्धेचे गाणे तीन मिनिटांहून मोठे असता कामा नये, म्हणून सावरायला सवडही नसते. ‘झिंगाट’चे हिंदी रूप ऐकलेल्यांना मी काय म्हणतो ते समजेल. चाल तीच होती, अजय-अतुल तेच होते, पण मराठीतला तो गावरान धक्का त्यात उतरला नाही.

रिकामटेकडा
‘झिंगाट’ आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

माल्मोकर
‘झिंगाट’वर वेगळा धागा काढावा, येथे युरोपातच राहू. इंग्रजीचा प्रसार गायकांच्या आवडीमुळेच झाला असे नाही, त्यामागे धंदाही आहे. स्टॉकहोमभोवती गीतकार-संगीतकारांचा मोठा व्यवसाय उभा आहे आणि तो केवळ स्वीडनसाठी काम करत नाही. २०११ साली जिंकलेले अझरबैजानचे गाणे लिहिणाऱ्यांतही स्वीडिश गीतकार होते. गीतकारांची शिबिरे भरतात, तीन-चारजण एका खोलीत बसून दिवसाला एक गाणे करतात, ते इंग्रजीत होते, आणि मग ज्या देशाला हवे त्याला दिले जाते. अशा गाण्याला मातृभाषा नसते. त्याला ग्राहक असतो.

म्हणून २०२५ मध्ये स्वीडनमध्ये घडलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. येथील राष्ट्रीय निवडफेरीत २०१५ चा विजेता मॉन्स सेल्मर्लोव्ह इंग्रजी गाणे घेऊन उतरला होता आणि तोच जिंकणार अशी हवा होती. त्याला हरवले ते ‘काय’ या त्रिकुटाने, सौनात बसून घाम गाळण्याविषयीच्या एका गमतीदार स्वीडिश गाण्याने. १९९८ नंतर प्रथमच स्वीडनचे गाणे स्वीडिशमध्ये गेले. त्याहून गंमत अशी, की हे तिघे स्वीडनचे नव्हेतच. ते फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्योरो भागातले, तेथील स्वीडिशभाषक समाजातले आहेत, आणि गाणे त्यांच्या बोलीत होते. आमच्या कचेरीतील अस्सल स्वीडिश मंडळी सोमवारी चहाच्या वेळी ओळींचा अर्थ एकमेकांना विचारत होती. बासेलला ते चौथे आले.

रिकामटेकडा
त्रिकुटाचे नाव काय म्हणालात?

माल्मोकर
काय.

रिकामटेकडा
तेच विचारतो आहे.

उंबरझरा
माल्मोकरांच्या प्रतिसादातून खरा पेच पुढे येतो. ‘देशाची भाषा’ कोणती, हे ठरवणार कोण? १९६८ साली स्पेनने ज्वान मनुएल सेर्रात या गायकाची निवड केली होती. त्याने स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताच्या कॅटलान भाषेत गाण्याचा आग्रह धरला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीला ते मान्य नव्हते. त्याच्या जागी मासिएल ही गायिका आली, तिने गाणे स्पॅनिशमध्ये गायले आणि लंडनमध्ये ते जिंकले. तेव्हा स्वभाषेचा नियम लागू होता, पण कॅटलान गायकाला त्याचा काडीचाही आधार मिळाला नाही.

१९८० मध्ये नॉर्वेच्या गाण्यात तेथील सामी आदिवासींचे योइक हे पारंपरिक गायन आले. आल्ता नदीवरील धरणाविरुद्ध सामी जनतेचा लढा तेव्हा पेटलेला होता, आणि त्या लढ्याचा सूर थेट राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या अधिकृत गाण्यात उमटला. आणि २०१२ साली बाकू येथे रशियाकडून आलेल्या बुरानोवो गावच्या आजीबाई कोणाला आठवतात का? अंगावर पारंपरिक पोशाख, पायांत विणलेले जोडे, मंचावर भट्टी, आणि गाणे उदमुर्त भाषेत, ध्रुपद तेवढे इंग्रजी. त्यांना गावात चर्च बांधायचे होते, त्यासाठी त्या गात होत्या. दुसरा क्रमांक आला. उदमुर्त नावाची भाषा आहे, हे मला त्या रात्री कळले.

या सगळ्या उदाहरणांत ‘देशाची भाषा’ आणि ‘गाणाऱ्याची भाषा’ या निराळ्या गोष्टी आहेत. सक्ती नेहमी पहिलीची होते.

गोदाकाठ
उंबरझरा, सेर्रातचे उदाहरण हुकूमशाहीचे आहे. त्याचा दोष स्पर्धेच्या नियमावर टाकता येणार नाही. सक्तीच्याच काळात १९८९ मध्ये स्वित्झर्लंडने रोमान्श भाषेतील गाणे पाठवले आणि १९९६ मध्ये फ्रान्सने ब्रेटनमधील. आपल्या शाळांतून ब्रेटनला पिढ्यान्‌पिढ्या हद्दपार करणाऱ्या फ्रान्सने हे केले, ही लहान गोष्ट नाही. इंग्रजीचा पर्याय खुला असता, तर ब्रेटनचा विचार कोणी केला असता असे मला वाटत नाही.

उंबरझरा
पर्याय खुला असतानाच २०११ मध्ये फ्रान्सने कॉर्सिकन भाषेतील गाणे पाठवले आणि २०२२ मध्ये पुन्हा ब्रेटन. एस्टोनियाने २००४ मध्ये व्होरो भाषेतील पाठवले. मोकळीक असताना लहान भाषा अधिक येत आहेत.

रिकामटेकडा
१९६८ च्या त्या विजयी गाण्याचे ध्रुपद ‘ला ला ला’ असे होते. तेवढे कॅटलानमध्येही जसेच्या तसे म्हणता आले असते. राजवटीने उगाच जिवाला घोर लावून घेतला.

वाचनवेडी
आजवरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे ऐकणाऱ्याची बदललेली सवय. पूर्वी प्रेक्षक आणि परीक्षक बहुतेक गाणी स्पर्धेच्या सुमारासच प्रथम ऐकत. अनोळखी भाषेतले गाणे एका श्रवणात मनात उतरणे कठीणच होते, आणि १९९६ पर्यंत गुण परीक्षकांच्याच हाती होते. आता मार्चच्या मध्यापर्यंत सगळी गाणी यूट्यूबवर येतात, त्यांचे शब्द आणि भाषांतरे दुसऱ्या दिवशी मिळतात, आणि मे महिना उजाडेपर्यंत चाहत्यांना परक्या भाषेतील ओळीही तोंडपाठ झालेल्या असतात. २०२१ साली रॉटरडॅमला पहिल्या तीन क्रमांकांत एकही इंग्रजी गाणे नव्हते. मोनेस्किनचे इटालियन रॉक पहिले, आणि त्यामागोमाग फ्रान्स व स्वित्झर्लंडची दोन फ्रेंच गाणी. त्यानंतर ते गाणे जगभर वाजले, ते इटालियनमध्येच.

युक्रेनचे उदाहरण मला सर्वांत लक्षणीय वाटते. २०१६ मध्ये जमालाने १९४४ साली क्राइमियातून हद्दपार केलेल्या आपल्या पणजीविषयीचे गाणे गायले. कडवी इंग्रजीत होती, पण ध्रुपद क्राइमियन तातारमध्ये, लोकगीतातून घेतलेले. घटना काय घडली हे जगाला कळावे म्हणून इंग्रजी, आणि रडायला घरची भाषा, अशी ती विभागणी होती. २०२२ मध्ये कालुश ऑर्केस्ट्राने आईवर रचलेले गाणे संपूर्ण युक्रेनियनमध्ये होते. ते रशियाच्या आक्रमणापूर्वीच निवडफेरीत गायले गेले होते, पण मे महिन्यापर्यंत त्यातल्या आईला वेगळाच अर्थ आला. त्याला प्रेक्षकांकडून मिळालेले ४३९ गुण हा उच्चांक आहे. त्यात सहानुभूतीचा वाटा मोठा होता, हे उघड आहे, परंतु तेच गाणे इंग्रजीत असते तर ती सहानुभूती इतकी घट्ट बसली नसती, असे माझे मत आहे.

शंकासुर
येथे मी थोडा खडा टाकतो. आपण सगळे जिंकलेली किंवा गाजलेली गाणी सांगत आहोत. स्वभाषेत गाऊन उपान्त्य फेरीतच गारद झालेली गाणी कोणाला आठवत नाहीत, कारण ती गारद झाली. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी विजेते गाणे इंग्रजी होते: स्वीडन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया. स्वभाषेचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणताना हेही लक्षात ठेवावे.

मालकंस
शंकासुरांचे बरोबर आहे, पण शेवटच्या दोघांकडे नीट पाहिले, तर ते विजय भाषेचे नव्हते. स्वित्झर्लंडचे नेमो रॅपमधून एकदम ऑपेरात शिरतात आणि ऑस्ट्रियाचा जेजे तर प्रशिक्षित प्रतिनादक आहे. त्यांच्या आवाजाची झेप शब्दांवर अवलंबून नव्हती. ते रोमान्शमध्ये गायले असते, तरी मला वाटते निकाल फारसा बदलला नसता.

सप्तक
मालकंस, प्रतिनादक म्हणजे काउंटरटेनर, स्त्रियांच्या उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, असे म्हणायचे आहे ना? काउंटरटेनरच लिहा, मंडळींना समजेल.

रिकामटेकडा
२०२५ मध्ये तिसरा आलेला एस्टोनियाचा टॉमी कॅश मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये कॉफीवर गायला, त्यावरून काही इटालियन मंडळी चिडली, आणि तरी प्रेक्षक खूश होते. गोदाकाठांचा नियम आला, तर त्याला एस्टोनियनमध्ये गावे लागेल आणि इटलीचा अपमान करण्याचा हक्क हिरावला जाईल. आणि बेल्जियमचे काय करणार? तेथे फ्रेंच आणि डच भाषकांच्या प्रसारण संस्था आळीपाळीने गाणे पाठवतात. २००३ मध्ये त्यांनी मधला मार्ग काढला आणि कोणाचीच नसलेली, काल्पनिक भाषा वापरली. १६५ गुण. तुर्कस्तान १६७ गुणांनी जिंकले, इंग्रजीत. तीन गुण अधिक मिळाले असते, तर ज्या भाषेचा एकही बोलणारा नाही ती भाषा युरोप जिंकून गेली असती.

पाटीपेन्सिल
मूळ प्रश्नाकडे वळायचे तर, मुलांच्या स्पर्धेचा दाखला उपयोगी पडेल. ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये गाण्याचा किमान साठ टक्के भाग देशाच्या भाषेत असावा लागतो, उरलेला इंग्रजीत चालतो. शिवाय मुख्य स्पर्धेत एरवी इंग्रजीत गाणारा आयर्लंड मुलांच्या स्पर्धेत आयरिशमध्ये गातो, कारण तेथे त्याचे गाणे आयरिशभाषक वाहिनी पाठवते. वेल्सने २०१८ आणि २०१९ मध्ये वेल्श गाणी पाठवली. मोठ्यांच्या स्पर्धेत वेल्शला कधी जागा मिळालेली नाही.

माल्मोकर
दुसरा मार्ग इटलीचा. ते गाणे सानरेमो महोत्सवातून निवडतात, आणि सानरेमोच्या नियमांनुसार गाणे इटालियनमध्ये किंवा इटलीतील बोलीत असावे लागते. त्यामुळे स्पर्धेचा नियम उठला, तरी इटलीची गाणी मुख्यतः इटालियनच राहिली. हा निर्णय प्रत्येक देशाने आपल्या घरी घ्यायचा आहे. जिनिव्हातील आयोजकांकडून सर्वांना एकच फर्मान कशाला?

हेलसिंकीकर
माल्मोकरांशी सहमत. आमच्याकडे कॅरियानंतर फिनिशमध्ये गाण्याची लाज गेली. ती नियमाने घालवता आली नसती. उलट सक्तीच्या तीन दशकांत ती वाढलीच होती.

गोदाकाठ
चर्चा वाचून माझे मत थोडे सरकले आहे, पण पूर्ण नाही. पूर्वीची सरसकट सक्ती नको, हे मान्य. आयर्लंडचा आणि सेर्रातचा मुद्दा मला खोडता आला नाही. मात्र ‘प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवावे’ असे म्हटले, की ज्यांच्याकडे सानरेमोसारखा भक्कम महोत्सव नाही, ते देश तयार इंग्रजी गाणे विकत घेत राहतील. इटलीला जे परवडते, ते सान मारिनोला परवडेलच असे नाही. म्हणून पाटीपेन्सिल यांनी सांगितलेला मुलांच्या स्पर्धेचा नियम मोठ्यांनाही लावावा, फक्त दोन दुरुस्त्यांसह. भाषा ‘राजभाषा’ नसावी, त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी कोणतीही असावी, म्हणजे कॅटलान, सामी, उदमुर्त सगळ्या आल्या. आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांनाही साठ टक्के दुसऱ्या देशी भाषेत गावे लागावे. ब्रिटनकडे वेल्श आणि गेलिक आहे, आयर्लंडकडे आयरिश आहे.

मालकंस
म्हणजे ब्रिटनला इंग्रजीची बंदी! या एका कलमासाठी मी तुमच्या बाजूने मत देतो.

शंकासुर
कलम आकर्षक आहे, पण साठ टक्के मोजायचे कसे, तेही ठरवून ठेवा. शब्द मोजणार की सेकंद? ‘ला ला ला’ कोणत्या भाषेत धरणार? १९९५ साली जिंकलेल्या नॉर्वेच्या गाण्यात सारे व्हायोलिनच होते आणि शब्द अवघे चोवीस. त्यांचे साठ टक्के म्हणजे चौदा पूर्णांक चार शब्द होतात.